कर्नल बदलला की वाय-फाय का जाते? लॅपटॉपचे ड्रायव्हर बसवणे आणि सांभाळणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यानंतर वाय-फाय दिसेना, म्हणून एका सार्वजनिक कोडसंग्रहातून ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून तो बांधणाऱ्या आणि बसवणाऱ्या ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या कमांड चालवल्या. वाय-फाय सुरू झाले, पण काही आठवड्यांनी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती आली आणि ते पुन्हा नाहीसे झाले. आता तीच कृती पुन्हा करावी का, एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर कसा बसवावा आणि त्यासाठी सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त सही असलेला कोड स्वीकारणारी सुरक्षा) बंद करावे का, हे विचारले आहे.

तीच कृती पुन्हा केली तर वाय-फाय चालू होईल आणि त्यापुढच्या कर्नलबरोबर पुन्हा जाईल. लिनक्समध्ये ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा तुकडा, ‘/लिब/मॉड्यूल्स’ या फोल्डरात राहते, पण तिथे प्रत्येक कर्नल आवृत्तीचे स्वतंत्र उपफोल्डर असते. तुम्ही ‘मेक इन्स्टॉल’ केले तेव्हा मॉड्यूल त्या वेळी चालू असलेल्या कर्नलच्या उपफोल्डरात गेले. नवा कर्नल आला तेव्हा त्याने आपले नवे उपफोल्डर उघडले आणि त्यात ते मॉड्यूल नव्हतेच. जुनी फाइल नव्या फोल्डरात उचलून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु प्रत्येक मॉड्यूलवर ‘व्हरमॅजिक’ नावाची आवृत्तीची खूण असते आणि ती जुळली नाही तर कर्नल ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असे सांगून ते नाकारतो. हे नाकारणे योग्यच आहे, कारण कर्नलच्या आतली फंक्शने आणि रचना आवृत्तीगणिक बदलत असतात. बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेला सिस्टिम कॉलचा, म्हणजे कर्नलकडे काम मागण्याच्या ठरलेल्या मार्गांचा, शब्द लिनक्स कसोशीने पाळतो, पण आतल्या इंटरफेसबाबत असे कोणतेही वचन नाही आणि ते जाणूनबुजून दिलेले नाही. ४.१५ मध्ये टायमर तयार करण्याचे जुने ‘इनिट टायमर’ गेले आणि ५.६ मध्ये कर्नलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ फाइलींसाठी ‘प्रॉक ऑप्स’ ही वेगळी रचना आली. या दोन्ही वेळी कर्नलबाहेरचे, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या सोर्समध्ये नसलेले, असंख्य ड्रायव्हर कंपाइल होईनासे (सोर्सवरून बांधले जाईनासे) झाले. कर्नलच्या आतले ड्रायव्हर मात्र चालत राहिले, कारण असा बदल करणारा माणूसच त्या बदलाने अडणारे आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून देतो.

यातून जो निष्कर्ष निघतो त्यावर माझे पुढचे सगळे उत्तर उभे आहे: कर्नलबाहेरचा ड्रायव्हर बसवणे म्हणजे त्याची देखभाल दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक कर्नल आवृत्तीपाशी स्वतःच्या अंगावर घेणे होय. म्हणून तो बसवण्याआधी त्याची खरोखर गरज आहे का, हे तपासण्यात घालवलेला अर्धा तास पुढची कित्येक वर्षे वाचवतो. माझ्याकडे ‘ड्रायव्हर मिळत नाही’ म्हणून आलेल्या लॅपटॉपांपैकी बऱ्याच यंत्रांत ड्रायव्हर आधीच होता आणि अडचण दुसरीकडेच होती.

तपासणीची सुरुवात उपकरणाच्या ओळखक्रमांकापासून करावी, लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावापासून नव्हे. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये एका खेपेला इंटेलचे आणि दुसऱ्या खेपेला रिअलटेकचे वाय-फाय कार्ड असू शकते, त्यामुळे ‘या मॉडेलवर हा ड्रायव्हर चालतो’ या माहितीवर विसंबू नये. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ या पर्यायासह चालवली की प्रत्येक उपकरणासमोर चौकटी कंसात दोन सोळा-आधारी अंक दिसतात. त्यातला पहिला उत्पादकाचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. दुसरा त्या नेमक्या चिपचा असतो. यूएसबीने आत जोडलेल्या उपकरणांसाठी, म्हणजे सहसा ब्लूटूथ, कॅमेरा आणि बोटांचे ठसे वाचणारा सेन्सर यांसाठी, ‘एलएसयूएसबी’ वापरावी.

त्याच उत्तरात उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’ अशा दोन ओळी येतात, आणि निदानाचा बराचसा भाग या दोन ओळींतच असतो. दोन्ही ओळी नसतील तर चालू कर्नलला हे उपकरण ठाऊकच नाही. दुसरी आहे आणि पहिली नाही, तर कर्नलकडे त्या उपकरणासाठी मॉड्यूल आहे, पण ते लोड झाले नाही किंवा लोड होऊनही उपकरणाशी जोडले गेले नाही. दोन्ही आहेत आणि तरीही वाय-फाय नाही, तर ड्रायव्हरचा शोध थांबवून फर्मवेअर, ‘आरएफकिल’ या कमांडने दाखवलेला रेडिओचा बंद स्विच आणि बायोसमधील (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील) पर्याय पाहावेत. यंत्रावर विंडोजही असेल तर त्यातले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण त्या सोयीमुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि वाय-फाय कार्ड कधी कधी अशा स्थितीत सोडून जाते की लिनक्सचा ड्रायव्हर ते सुरू करू शकत नाही. अशा वेळी नुसते रीस्टार्ट करून भागत नाही. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे लागते.

फर्मवेअरविषयी अधिक सविस्तर सांगायला हवे, कारण ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतील गल्लत फार होते. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम असतो आणि ड्रायव्हर तो ‘/लिब/फर्मवेअर’ मधून उचलून कार्डात भरतो. ती फाइल नसेल तर ‘डीमेसेज’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ या शब्दांनी सुरू होणारी आणि ‘फेल्ड विथ एरर -२’ ने संपणारी ओळ दिसते. येथे उणे दोनचा अर्थ इतकाच की त्या नावाची फाइल सापडली नाही; ड्रायव्हर शाबूत आहे. मात्र इंटेलच्या ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हरची ही ओळ पाहून लगेच घाबरू नये. तो सर्वांत नव्या फर्मवेअर आवृत्तीपासून मागे मागे येत एकेक फाइल शोधतो, त्यामुळे अशा दोन-चार ओळींनंतर एखादी आवृत्ती सापडून सगळे सुरळीत झालेले असते. शेवटची ओळ काय म्हणते, ते महत्त्वाचे. डेबियन या लिनक्स वितरणात (लिनक्सच्या तयार संचात) आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, अशा फाइलींसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे आणि जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्या यंत्रांत तो पॅकेजस्रोतांच्या यादीत घालायचा राहून गेलेला असतो. एक गोष्ट हाताने फाइल ठेवणाऱ्यांसाठी: अनेक वितरणे आता फर्मवेअर दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवतात. एक्सझेड प्रकारात दाबलेली फाइल वाचण्याची सोय कर्नलमध्ये ५.३ पासून आणि झेडस्टँडर्डची ५.१९ पासून आहे, त्यामुळे नव्या वितरणातली दाबलेली फाइल जुना कर्नल चालणाऱ्या यंत्रावर ठेवली तर ती समोर असूनही सापडत नाही.

चालू कर्नलला उपकरण ठाऊकच नाही असे ठरले, तरी पुढची पायरी कोडसंग्रह शोधण्याची नाही. आधी नवा कर्नल वापरून पाहावा. रिअलटेकच्या कार्डांचे उदाहरण घ्या. त्यांच्यासाठी ‘आरटीडब्ल्यू८८’ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.२ या आवृत्तीत २०१९ साली आला आणि त्यापुढच्या पिढीसाठी ‘आरटीडब्ल्यू८९’ हा ५.१६ मध्ये २०२२ च्या जानेवारीत आला. दोहोंत नंतरच्या आवृत्त्यांनी चिपांची भर घातली. तोवर लोक या कार्डांसाठी बाहेरचे ड्रायव्हर वापरत होते आणि त्या काळात लिहिलेल्या सूचना आजही शोधात वर येतात. त्या वाचून आज बाहेरचा ड्रायव्हर बसवणे म्हणजे घरात असलेली वस्तू उसनी आणणे आहे. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत ‘एचडब्ल्यूई’ नावाची नव्या कर्नलची मालिका मिळते, डेबियनमध्ये ‘बॅकपोर्ट्स’ या विभागातून नवा कर्नल घेता येतो, फेडोरा आणि आर्चमध्ये तो नेहमीच्या अपडेटबरोबरच येतो. नव्या कर्नलसोबत फर्मवेअरचे पॅकेजही नवे घ्यावे. एक नवे आणि एक जुने ठेवले की वर सांगितलेला उणे दोन पुन्हा भेटतो.

इतके करूनही बाहेरचा ड्रायव्हर लागतोच अशी काही उपकरणे आहेत: एनव्हिडियाची ग्राफिक्स, ब्रॉडकॉमची ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर मागणारी जुनी वाय-फाय कार्डे, आणि कर्नलमध्ये अजून न आलेली अगदी नवी चिप. येथे पहिली पसंती वितरणाच्या स्वतःच्या पॅकेजला द्यावी. ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ हे याचे ठळक कारण आहे: कंपनीने त्यावर काम करणे कधीच थांबवले असून नव्या कर्नलवर तो चालावा म्हणून लागणारी ठिगळे (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) वितरणांचे लोक पॅकेजमध्ये घालतात. मूळ सोर्स उतरवून घेणाऱ्याला ती ठिगळे मिळत नाहीत आणि मग तो कंपाइल का होत नाही, यावर त्याची रात्र जाते.

पॅकेज नसेल आणि सोर्सवरूनच बसवायचे असेल तर ‘डीकेएमएस’ वापरावे. ही व्यवस्था डेल कंपनीत सुरू झाली आणि तिचे काम एकच आहे: ड्रायव्हरचा सोर्स जपून ठेवणे आणि नवा कर्नल बसला की त्यासाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणे. सोर्स ‘/यूएसआर/एसआरसी’ मध्ये ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्ती असलेल्या फोल्डरात ठेवतात, त्यात ‘डीकेएमएस.कॉन्फ’ ही फाइल असते आणि तिच्यात ‘ऑटोइन्स्टॉल’ची ओळ असायला हवी, ती नसेल तर आपोआप काहीच होत नाही. मग ‘डीकेएमएस’ला ‘अ‍ॅड’, ‘बिल्ड’ आणि ‘इन्स्टॉल’ अशा तीन पायऱ्यांनी ड्रायव्हर सोपवायचा. तुमच्या प्रकरणात आधी ‘मेक अनइन्स्टॉल’ने, किंवा ती सोय नसेल तर हाताने, जुने मॉड्यूल काढा आणि मॉड्यूलांची यादी नव्याने बनवणारी ‘डेपमॉड’ ही कमांड चालवा.

डीकेएमएस निकामी ठरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेडरचे पॅकेज हे आहे. मॉड्यूल बांधायला त्या कर्नलचे हेडर, म्हणजे त्याच्या आतल्या रचनांचे वर्णन करणाऱ्या फाइली, लागतात. अनेक मार्गदर्शनांत चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचे हेडर बसवायला सांगितलेले असते. ते त्या दिवसापुरते पुरते आणि पुढच्या कर्नलबरोबर नवे हेडर येत नाहीत, म्हणून डीकेएमएस गप्प बसते. त्याऐवजी कर्नलच्या सोबतीने पुढे सरकणारे पॅकेज घ्यावे: डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’, उबंटूमध्ये तुमच्या कर्नल मालिकेचे, उदाहरणार्थ ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, आर्चमध्ये ‘लिनक्स-हेडर्स’, आणि तिथेच दीर्घकालीन कर्नलही ठेवला असेल तर ‘लिनक्स-एलटीएस-हेडर्स’ सुद्धा. फेडोरात हेडर ‘कर्नल-डेव्हेल’ मधून येतात आणि तिथली ‘एकेमॉड्स’ ही व्यवस्था डीकेएमएससारखेच काम करते.

आता ज्या चुकीने मला स्वतःला एक अख्खा दिवस खर्च करायला लावला, ती सांगतो. एका लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वी बाहेरचा वाय-फाय ड्रायव्हर बसवलेला होता. दरम्यान कर्नलमध्ये त्या चिपचा ड्रायव्हर आलेला होता, म्हणून मी बाहेरचा काढून टाकला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि वाय-फाय पूर्णपणे गायब झाले. डीमेसेजमध्ये चूक नव्हती, फर्मवेअर जागेवर होते, ‘एलएसपीसीआय’ मध्ये ‘कर्नल मॉड्यूल्स’ची ओळ बरोबर मॉड्यूल दाखवत होती आणि हाताने ‘मॉडप्रोब’ या कमांडने मॉड्यूल लोड केले की सारे चालत होते. शेवटी ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये एक छोटी फाइल सापडली. बाहेरच्या ड्रायव्हरच्या बसवणी-स्क्रिप्टने आपल्याशी स्पर्धा होऊ नये म्हणून कर्नलच्या ड्रायव्हरचे नाव ‘ब्लॅकलिस्ट’ केले होते आणि काढताना ती फाइल मागेच राहिली होती. ब्लॅकलिस्टचा परिणाम फक्त आपोआप लोड होण्यावर होतो, हाताने लोड करण्यावर होत नाही, म्हणून चित्र इतके गोंधळाचे दिसत होते. तेव्हापासून बाहेरचा कोणताही ड्रायव्हर बसवण्याआधी आणि नंतर मी त्या फोल्डरातील फाइलींची यादी टिपून ठेवतो. शिवाय अशा फाइलीची प्रत इनिटरॅमएफएस या, यंत्र सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या, प्रतिमेतही जाऊ शकते, म्हणून बदल केल्यावर डेबियन-उबंटूत ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, फेडोरात ‘ड्रॅकट’ आणि आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ’ चालवून ती प्रतिमा नव्याने बनवावी.

याच्या उलट प्रकारही तितकाच घडतो. बाहेरचा ड्रायव्हर काढलाच जात नाही, आणि डेबियन-उबंटूत डीकेएमएसने बांधलेले मॉड्यूल ‘अपडेट्स’ या उपफोल्डरात असल्यामुळे एकाच नावाची दोन मॉड्यूल असतील तर तेच आधी निवडले जाते. कर्नलमधला सुधारलेला ड्रायव्हर मग तिथेच पडून राहतो आणि जुना, दुर्लक्षित ड्रायव्हर कार्ड धरून बसतो. ‘मॉडइन्फो’ चालवून पहिल्याच ओळीतला फाइलीचा मार्ग पाहिला की कोणते मॉड्यूल निवडले जाते ते कळते.

सिक्युअर बूट बंद करू नका. ते चालू असताना नेहमीच्या वितरणांचे कर्नल सही नसलेले मॉड्यूल घेत नाहीत आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश देतात. पण त्यावरचा उपाय स्वतःची सही नोंदवणे हा आहे. उबंटू आणि नव्या डेबियनमधील डीकेएमएस स्वतःच एक किल्ली तयार करून मॉड्यूलांवर सही करते. ती किल्ली यंत्राला मान्य करून देण्याचे काम एकदाच करायचे असते: ‘मोकयूटिल’ या कमांडला ‘इम्पोर्ट’ हा पर्याय देऊन किल्लीची सार्वजनिक बाजू सोपवायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि यंत्र रीस्टार्ट करायचे. सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ (किल्ली नोंदवा) हा पर्याय काही क्षणच वाट पाहतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर यंत्र नेहमीसारखे सुरू होते आणि सारे पुन्हा करावे लागते. तिथे कीबोर्डची मांडणी अमेरिकन धरली जाते, म्हणून पासवर्डात साधी अक्षरे आणि अंकच ठेवावेत. खासगी किल्लीची फाइल फक्त रूट (यंत्राचा मुख्य वापरकर्ता) वाचू शकेल अशीच राहू द्यावी, कारण ज्याच्या हाती ती पडेल तो तुमच्या कर्नलमध्ये काहीही घालू शकेल.

एनव्हिडियासाठी कंपनीच्या संकेतस्थळावरील स्वतः चालणारी फाइल वापरू नये, वितरणाचे पॅकेज घ्यावे. ती फाइल ग्रंथालयाच्या (लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रॅमांना सामायिक लागणाऱ्या कोडच्या) फाइली पॅकेज व्यवस्थेला न सांगता बदलते आणि पुढच्या अपडेटला दोघांची गाठ पडते. कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलांचा सोर्स खुला केला. ती खुली मॉड्यूल ट्युरिंग या चिपांच्या पिढीवर आणि त्यापुढच्या पिढ्यांवर चालतात. त्याहून जुन्या चिपांना बंद मॉड्यूलच लागतात आणि फार जुन्या चिपांच्या ड्रायव्हरच्या शाखा कंपनीने थांबवल्या आहेत, जसे की फर्मी पिढीची ३९० ही शाखा २०२२ च्या अखेरीस थांबली. अशा लॅपटॉपवर ‘नूव्हो’ हा कर्नलमधला ड्रायव्हर स्वीकारणे किंवा आतल्या इंटेल ग्राफिक्सवर भागवणे हेच मी सुचवेन. अपडेटनंतर ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा संदेश आला तर काही बिघडलेले नसते. जुने मॉड्यूल मेमरीत आहे आणि ग्रंथालय नवे आले आहे, इतकेच. रीस्टार्ट केल्यावर ते जुळते.

ध्वनी, टचपॅड आणि झोप यांच्या तक्रारी बहुधा ड्रायव्हर नसल्याच्या नसतात, तो उपकरणाकडे कसा पाहतो याच्या असतात. नव्या इंटेल यंत्रांवर आवाज नसेल तर ‘सोफ’ या ध्वनीच्या फर्मवेअरचे पॅकेज आहे का ते आधी पाहावे. झाकण लावल्यावर बॅटरी उतरत असेल तर ‘/एसवायएस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचावी. तिच्यात ‘डीप’ हा शब्दच नसेल तर त्या यंत्राच्या बायोसने खोल झोपेची सोय दिलेली नाही आणि ड्रायव्हर बदलून ती येणार नाही. यांवर उपाय म्हणून कर्नलला दिलेला प्रत्येक पर्याय तारीख आणि कारणासह लिहून ठेवावा. वर्षभराने तोच पर्याय नव्या अडचणीचे कारण ठरतो आणि तो का दिला होता हे कोणालाच आठवत नाही.

देखभालीची रोजची शिस्त थोडीच आहे. कर्नल अपडेट झाल्यावर रीस्टार्ट करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहावे. नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’ खाली त्या ड्रायव्हरच्या ‘मेक.लॉग’ मध्ये कारण असते. किमान एक आधीचा, चालत असलेला कर्नल ठेवावा. फेडोरा मुळातच तीन ठेवते. आर्च जुना कर्नल ठेवत नाही, म्हणून तिथे दीर्घकालीन कर्नल शेजारी बसवावा. ‘/बूट’ ची जागा भरली असेल तर नवी इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिली जाते आणि दोष ड्रायव्हरवर येतो, तेव्हा तिकडेही लक्ष असावे.

आणि कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्येच दोष आहे असे वाटले तर कळवण्याआधी ‘/प्रॉक/एसवायएस/कर्नल/टेन्टेड’ मधला आकडा पाहावा. शून्य असेल तर कर्नल स्वच्छ आहे. १२२८९ असेल तर बंद परवान्याचे (१), बाहेरचे (४०९६) आणि सही नसलेले (८१९२) मॉड्यूल लोड झालेले आहे, आणि अशा कर्नलची तक्रार कर्नलचे लोक सहसा हाती घेत नाहीत. म्हणून ते मॉड्यूल काढून तोच दोष पुन्हा दिसतो का ते पाहावे. कित्येकदा ड्रायव्हर चिपला पूर्ण समर्थ असतो, फक्त तुमच्या कार्डाचा ओळखक्रमांक त्याच्या तक्त्यात नसतो. ड्रायव्हरच्या फोल्डरातील ‘न्यू_आयडी’ या फाइलीत उत्पादकाचा आणि चिपचा क्रमांक लिहून हे तात्पुरते पडताळता येते. त्याने कार्ड चालू झाले, तर तो क्रमांक आणि डीमेसेज त्या ड्रायव्हरच्या देखभालकर्त्यांना पाठवा. एका ओळीची ती भर कर्नलमध्ये गेली की त्या कार्डाच्या कोणत्याही लॅपटॉपवर वेगळा ड्रायव्हर बसवण्याची गरज उरत नाही.